दुसरी हाक

“सखुबाई तांडेल!”

दारातून हाक आली तशी शेफाली पर्स सावरत उठली. सासूनं ओढणीला धरून तिला पुन्हा खाली बसवलं.

“बस गो. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय.”

“आई, हे परळचं हॉस्पिटल आहे, तुमचा दर्या नाही. नंबर जाईल ना!”

“जाऊ दे. माणूस दोनदा हाक मारतो. भलतं असतं ते एकदाच.”

शेफालीनं कपाळावर हात मारून घेतला. लग्न होऊन माझगावच्या कोळीवाड्यात आल्यापासून ती हे सोसत होती. भात निवून गोळा झाला तरी चालेल, पण त्या घरात दोनदा बोलावल्याशिवाय कुणी पानावर येत नसे.

दुसरी हाक आली आणि मगच सखुबाई उठल्या.

छातीतली गाठ काढून झाली होती, केमोही आटोपला होता. आजार आत कुठे झिरपलाय का, ते पाहायला कमरेच्या हाडातला मगज तेवढा काढून तपासला होता. आता सुटलो, असंच शेफाली धरून चालली होती.

“स्कॅन स्वच्छ आहे,” डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या. “पण मगजात थोड्या पेशी सापडल्यात. छातीतून आलेल्या.”

“म्हणजे पसरला?” शेफालीनं विचारलं.

“तसं नाही म्हणणार मी. त्या वाढत नाहीयेत, नुसत्या पडून आहेत. काही जणींच्या जन्मभर तशाच राहतात. काहींच्या जाग्या होतात.”

“कशानं?”

“ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. गोळ्या चालू ठेवू, लक्ष ठेवू.”

सखुबाईंनी कमरेवर, सुई टोचली होती तिथे, हात ठेवला आणि चक्क हसल्या.

“म्हणजे त्यांनीपण अजून ओ नाय दिली.”

शेफालीला हसू आलं नाही. ती घाबरली होती.

बाहेरचा लांबलचक पॅसेज भरदुपारी रिकामा होता. त्या निम्म्यावर आल्या असतील, तोच मागून पुरुषाचा मऊ आवाज आला.

“सखे...”

या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, शेफालीचे सासरे. त्यांची होडी परत आली होती, ते नव्हते आले.

सखुबाई थबकल्या. नव्या नवरीसारखा त्यांचा चेहरा उजळला.

शेफालीनं झटकन त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि मागे न बघता ती कान देऊन उभी राहिली. दुसरी हाक आली नाही. तळहाताखाली सासूचे ओठ मात्र ‘ओ’ म्हणायला गोल झालेले, तसेच होते.