सात नंबरचा भोंगा

"कुलूप काढ, मिस्त्री. तिसरा दिवस आहे आज. का कटर आणू?"

"आण ना. आणून तर बघ."

फोरमन कटर आणणार नव्हता आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या वर्कशॉपमध्ये मालकाच्या नावानं शिव्या घातलेल्या चालायच्या, पण दुसऱ्याच्या कुलपाला हात लावलेला चालायचा नाही. गाडीखाली शिरायचं तर आधी बॅटरीचं कनेक्शन तोडायची लाल मूठ खाली ओढायची, तिच्यात आपलं कुलूप अडकवायचं, किल्ली आपल्या खिशात. मग आभाळ कोसळो, तो माणूस बाहेर येऊन स्वतःच्या हातानं कुलूप काढेपर्यंत गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, चावी तर नाहीच. ज्याचं कुलूप त्याचा जीव, एवढा साधा हिशेब. मिस्त्रीच्या कुलपावर पांढरा ठिपका होता. तेवीस वर्षांत त्यानं जितक्या गाड्यांखाली पाठ टेकली होती, तितक्या वेळा तो ठिपका त्या मुठीवर लटकला होता.

पण या वेळी मिस्त्री गाडीखाली नव्हताच. तीन दिवस तो समोर स्टूल टाकून बसायचा, दुसऱ्या गाडीचं कायबाय हातात घ्यायचा आणि मध्येच मान वर करून त्या कुलपाकडे बघायचा.

"खाली कुणी नाहीये," फोरमन म्हणाला. "मग कुलूप कुणासाठी?"

"आहे एक जण," मिस्त्री म्हणाला.

आणि फोरमननं, एवढा जाडा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून खरंच खाली वाकून बघितलं. मग चिडला. स्वतःवरच चिडला असणार, पण ओरडला मिस्त्रीवर. संध्याकाळपर्यंत गाडी मोकळी झाली नाही तर मालकाला सांगतो म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

गाडी सात नंबरची होती. बाहेरच्या जगात असल्या ट्रकला कुणी वळून बघत नाही. पण वर्कशॉपमध्ये आला की त्याचा खाणीसाठी अवतार बदलायचा. केबिनवर लोखंडी पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस चेपायचा नाही. टपावर फिरता पिवळा दिवा. बंपरला दोन पुरुष उंचीची लवचीक काठी आणि तिच्या टोकाला झेंडा, कारण खाणीतले मोठे डंपर एवढे थोराड, की ड्रायव्हरला चाकापाशी उभा असलेला अख्खा ट्रक दिसत नाही, झेंडा तेवढा दिसतो. चाकांखाली घालायचे पिवळे ठोकळे, आग विझवायचा सिलिंडर. आणि मागे, आडव्या पट्टीच्या आत, रिव्हर्सचा भोंगा. गाडी मागे यायला लागली की टीं टीं टीं. वर्कशॉपमधून गेलेल्या प्रत्येक गाडीचा भोंगा मिस्त्रीनं बसवलेला. त्याचं काम बघून बाकीचे म्हणायचे, हा नट आवळत नाही, समजूत काढतो त्याची.

आता सात नंबर म्हातारी झाली होती. खाणीनं ती परत पाठवली होती, मोडायला. पिंजरा, काठी, दिवा, भोंगा, चांगलं असेल ते सगळं उतरवून नव्या ट्रकवर चढवायचं होतं. कागदावर तसं लिहूनच आलं होतं.

भोंगा चांगलाच होता. मिस्त्रीला माहीत होतं. त्याच्या तोंडात काय आहे तेही माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा खाणीत रस्त्यांवर पाणी मारायच्या कामावर होता. धूळ उडू नये म्हणून. मोठा मिश्कील माणूस. जेवताना वाढणाऱ्याला हसवून हसवून पातेलं कलंडायला लावायचा. तेव्हा त्याची रात्रपाळी होती, आणि रात्रपाळीवाल्यांच्या झोपायच्या खोल्या नेमक्या त्या वळणाला लागून, जिथं सात नंबर दिवसभर मागे-पुढे करायची. एका सुट्टीला तो मिस्त्रीकडे आला.

"दादा, तुमची गाडी मला झोपू देत नाही हो," तो म्हणाला. "डोळा लागला की टीं टीं टीं. परवा तर स्वप्नात मी स्वतःच उलटा चाललो होतो. करा की त्याचा घसा जरा बारीक."

मिस्त्री हसला. पाहुण्यांची फर्माइश, म्हणाला. पुढच्याच आठवड्यात सात नंबर ब्रेकच्या कामाला आली. भोंग्याच्या तोंडावर चिखल जाऊ नये म्हणून जाळी असते. मिस्त्रीनं जाळीचे दोन स्क्रू काढले, हात पुसायच्या चिंधीचा बोळा आत दाबला आणि जाळी परत लावली. दोन मिनिटांचं काम. वरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही, आणि भोंगा वाजायचा, फक्त कुणी त्याच्या तोंडावर उशी धरल्यासारखा. मेव्हण्यानं निरोप पाठवला, दादा, लेकरासारखा झोपलो.

दोन महिन्यांनी त्याची पाळी बदलली. दिवसाची आली.

दगड फोडायच्या यंत्राशेजारी तो पाइपचा गुंता सोडवत उभा होता, गाडीकडे पाठ करून. सात नंबर मागे आली.

पुढं चौकशी झाली. सेफ्टीच्या साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं, भोंगा कुणी बसवला, मी बसवला, वाजतो का, वाजतो. त्यानं गाडीत बसून रिव्हर्स टाकून दाखवला. इंजिन बंद, यंत्र बंद, सगळी खाण दुखवट्याला गप्प. तसल्या शांततेत मुंगी खोकली असती तरी ऐकू आलं असतं. साहेबांनी कागदावर खूण केली. ड्रायव्हर पुन्हापुन्हा सांगत होता की साहेब, दोन-अडीच महिने त्याचा आवाज बसलाय, मी दोनदा बोललोही होतो. त्याला गप्प केलं. अंगावर आलं की सगळेच बोलतात म्हणाले. मिस्त्री तिथंच उभा होता, चार हातांवर. जाळीचे स्क्रू त्याला दिसत होते. त्यानं सांगितलं नाही. आत्ता म्हणतो, आत्ता म्हणतो करता करता साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

कागदावर आलं ते असं, की मयत इसमाचं लक्ष नव्हतं आणि ड्रायव्हरनं मागे पाहिलं नाही. ड्रायव्हरचं काम गेलं. आता तो पेट्रोल पंपावर लोकांच्या गाड्या धुतो. मिस्त्री पेट्रोल भरायला लांबच्या पंपावर जातो.

तेव्हापासून तो आवाज त्याच्या मागे लागला. मोठा नाही, मोठा असता तर परवडला असता. तो दबलेला आवाज. भिंतीपलीकडं कुणाचा फोन वाजला, की तो. दुधाची गाडी गल्लीतून मागे घेतली, की तो. पाण्याखाली डोकं धरलं तरी तो. मग मिस्त्री थांबून मागे वळून बघायचा. मागे कुणी नसायचं. असं चारचौघांत झालं की लोक हसायचे, काय मिस्त्री, सासरे आले की काय मागून. तोही हसायचा.

पण बहिणीच्या घरी हसता यायचं नाही. धाकटी रडली नव्हती फारशी. ती चिडली होती, आणि तीन वर्षं झाली तरी चिडलेलीच होती. मेलेल्या माणसावर. यांचं लक्ष कधी जाग्यावर होतं, म्हणायची. भाजी आणायला पाठवलं तर पिशवी दुकानात विसरून यायचे. एवढा भोंगा बोंबलतोय पाठीमागं आणि यांना ऐकू येत नाही, असतील कुणाला तरी जोक सांगत. मुलीच्या हातून पेला सांडला तरी तेच, बापावर गेलीस, लक्ष कुठं असतं तुझं. भाची दहा वर्षांची. रस्त्यानं चालताना दर पाच पावलांनी मागे वळून बघायची. मिस्त्रीनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, हिलाही ऐकू येतं की काय.

आणि आता सात नंबर त्याच्यासमोर उभी होती. काढ बोळा, फेक. एवढंच करायचं होतं. तीन दिवस तो तेवढंच करायला बसला होता आणि हात उचलत नव्हता. तो या कामाला नाही म्हणाला असता तर भोंगा दुसऱ्या कुणी उतरवला असता, आतली चिंधी बघून काहीतरी पचकला असता किंवा न बघता तसाच नव्या गाडीला बसवला असता. म्हणून कुलूप.

दुपारच्या जेवणाला सगळे गेले तेव्हा तो उठला. पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. आडव्या पट्टीच्या आत हात घातला. जाळीवर तीन वर्षांचा चिखल सिमेंटसारखा बसला होता. पान्याच्या टोकानं खरवडला. जाळीमागं बोळा होता. तेलानं काळा झालेला, पण त्याच्याच हातानं दाबलेला, कडा आत दुमडून. त्याची सवयच होती ती, चिंधीसुद्धा नीट बसवायची.

"काय आहे त्यात?"

फोरमन परत आला होता. या वेळी वाकला नव्हता, खाली बसला होता, फरशीवर. मिस्त्रीनं बोट दाखवलं. फोरमन काही मूर्ख नव्हता, चौकशीच्या दिवशी मिस्त्रीला खाणीत घेऊन जाणारा तोच होता.

"तुझं काम?"

"माझं."

फोरमननं दाराकडं एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काढ आणि टाक त्या पिंपात. शंभर चिंध्या आहेत तिथं. तीन वर्षं झाली, मिस्त्री. उकरून कोण उठून बसणार आहे?"

मिस्त्रीनं बोळ्याला हात लावला नाही. भोंग्याचे बोल्ट सोडले, वायर कापली आणि भोंगा तसाच, जाळी चिखल चिंधी सगळ्यासकट, पोटावर घेऊन बाहेर सरकला. मग उठला, लाल मुठीवरचं कुलूप उघडलं आणि किल्लीसकट फोरमनच्या हातात ठेवलं. फोरमन म्हणाला, हे मला कशाला. तुझ्याकडं ठेव, मिस्त्री म्हणाला, मला बहुतेक आता लागायचं नाही. मोटरसायकलची एक जुनी बॅटरी उचलून त्यानं पिशवीत टाकली, वर भोंगा.

धाकटी घरी शिलाईचं काम करायची. मोटर लावलेली मशीन, खिडकीशी. मिस्त्री आला तेव्हा ती दाराकडं पाठ करून मशीनवर वाकली होती, कपड्याचा ढीग मांडीवरून खाली ओघळलेला. मशीन घरघरत होती. भाची अजून शाळेत होती. दादा आला हे धाकटीला कळलंच नाही.

त्याच्या मनात होतं की आधी बोलायचं. तोंड उघडलं, पण मशीनच्या आवाजात शब्द पोचला नाही. मग त्यानं पिशवी जमिनीवर ठेवली. तिच्या पाठीमागं, चार पावलांवर. बॅटरी काढली, भोंगा काढला, वायरीची टोकं दातानं सोलली आणि टेकवली.

भोंगा वाजला. त्याला ऐकू आला, कारण त्याला तो तीन वर्षं ऐकूच येत होता. धाकटीनं मान वर केली नाही. शिवण सरकवत राहिली. तो वाजवत राहिला. तिच्या मानेवर घामाला चिकटलेले केस होते, खांदे थोडे पुढं झुकलेले, दोन्ही हात कापडात गुंतलेले. पाइपचा गुंता सोडवणारा माणूस असाच उभा असणार.

मिस्त्रीनं वायर सोडली. जाळीचे दोन स्क्रू काढले, बोटानं बोळा बाहेर ओढला. वायर परत टेकवली.

धाकटी एवढ्या जोरात दचकली की खुर्ची कलंडली. मशीन थांबली. शेजारचं पोर रडायला लागलं, गल्लीतून कुणीतरी विचारलं, काय मागे घेताय रे घरात. धाकटी भिंतीला टेकून उभी, हात छातीवर.

"दादा, वेड लागलंय का तुला?"

त्यानं भोंगा बंद केला. बोळा तळहातावर धरून तिच्यासमोर नेला.

"सात नंबरचा आहे," तो म्हणाला. "हे त्याच्या तोंडात होतं. आत्ता पाच मिनिटं तुझ्यामागं वाजत होता तो, धाकटे. तुला आला ऐकू?"

तिला कळायला वेळ लागला. आधी ती बोळ्याकडं बघत राहिली, मग मशीनकडं, मग दोघांच्या मधल्या चार पावलांच्या फरशीकडं. खाली पडलेली खुर्ची तिनं उचलली, सरळ केली, पण बसली नाही.

"म्हणजे त्यांचं लक्ष..."

"होतं. लक्ष होतं त्याचं. त्याला ऐकूच आलं नाही."

तिनं चेहरा कापडाच्या ढिगात खुपसला. बराच वेळ. पाठ हलत होती पण आवाज नव्हता. मिस्त्री हात लावायला पुढं झाला आणि थांबला. त्या हातात चिंधी होती.

मग ती वर आली. डोळे लाल, पण नजर सरळ, लहानपणी खोटं पकडल्यावर व्हायची तशी.

"कुणी घातलं हे?"

"मी."

"कुणी सांगितलं तुला?"

मिस्त्रीला तो समोर दिसला. पाटावर बसलेला, हसणारा. करा की दादा त्याचा घसा जरा बारीक. एक वाक्य होतं. बोलला असता तर निम्मं ओझं उतरलं असतं.

"तू आपल्या मनानं नाही करणार असलं काही," धाकटी म्हणाली. "मी ओळखते तुला. कुणी सांगितलं, दादा?"

"कुणी नाही," मिस्त्री म्हणाला. त्यानं बोळा परत भोंग्यात घातला, होता तसाच, कडा आत दुमडून, आणि पिशवी खांद्याला लावली. "सेफ्टीचं ऑफिस पाचला बंद होतं. त्याआधी पंपावरून ड्रायव्हरला घ्यायचंय. मला आता निघायला हवं."