भागीबाईचं बी

गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्यात माळी म्हणून नाव मंगळूचं होतं, पण लॉन होतं भागीबाईचं. मंगळू झाडं छाटायचा, पाइप ओढायचा, मशीन ढकलायचा. आणि दुपारी सारा बंगला आडवा झाला की त्याची बायको हिरवळीत उकिडवी बसायची, खुरप्याच्या टोकानं लव्हाळा वेचत इंचाइंचानं पुढं सरकायची. सरकता सरकता ओठातल्या ओठात म्हणायची,

बाई नागलीचं बी गं, दिसे तांबूस राईवाणी
माय बांधिते पदरी, पाठवणीच्या लेकीवाणी

पेठकडच्या डोंगरातून दोघं आली तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. "हरळी उपटून उपटून माझ्या आईची नखं गेली. आन् हा वकील हरळी लावायचा पगार देतो! घरी सांगू नको कुणाला, येडं म्हणतील आपल्याला." त्या हसण्याला एकोणीस वर्षं झाली. हरळीचं तण तिच्या हाताखाली गालिचा झालं.

दोन हजार तीनच्या चैत्रात भागीबाई गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत डोळे हळदीसारखे झाले आणि मिटले. मिटायच्या आधी ती मंगळूला म्हणाली, "पेटीत बी हाय. माझ्या आईची गरवी नागली. भावाकडं सरकारी बी आलं, आता तिथंबी कुणापाशी नाय ती. यंदा भावजयीकडं, गोजराकडं पोचव. ऐकलं का? आन् उन्हात डोक्याला काहीतरी बांधत जा."

ही उशिरा पिकणारी नागली, म्हणजे शहरातली नाचणी, ती दरसाल बंगल्याच्या मागं, भिंतीकडच्या दोन हात जागेत लावायची. कणसं वाळवायची, दाणे राखेत घोळायची, पुन्हा गाठीत बांधायची. गेल्या वर्षी त्या जागेवर वकीलसाहेबांनी गाडीसाठी सिमेंट केलं. म्हणून आता होतं ते एवढंच, जुन्या पातळाच्या तुकड्यात, ओंजळभर.

एकट्या मंगळूला लॉन आवरेना. लव्हाळा माजला. गवत पिवळं दिसू लागलं तशी त्यानं भर उन्हात दोन मुठी खत जास्तीचं टाकलं, आणि पाणी सोडायच्या वेळी खोलीत तिच्या पेटीशी बसून राहिला. किती वेळ बसला ते त्यालाही कळलं नाही. खतानं गवत जळलं, आठ दिवसांत लॉनवर पाच ठिकाणी टक्कल पडलं, पराती पराती एवढं.

धनराज वकिलांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "मंगळू, हे काय रे? सहा जुलैला तृप्तीला बघायला पुण्याची माणसं येताहेत. या व्हरांड्यातच बसतील, समोर हे दिसणार."

"भरून काढतो, साहेब."

"भरलं तर उत्तम. नाहीतर सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकून मोकळा होतो. कटकट नको."

"मंग मी काय करू, साहेब?"

"मग माळ्याला काम काय राहणार? खोलीही लागेलच, ड्रायव्हरला." वकील हे काही रागानं बोलले नाहीत. पावसापाण्याचं बोलावं तसं बोलले.

मंगळूला पगाराचं तेवढं वाटलं नाही. खोलीचं वाटलं. खोलीत भिंतीला तिच्या हाताचं सारवण होतं. दाराच्या मागं, उठताना ती जिथं तळवा टेकायची, तिथं तेलकट डाग होता. रोज दिवा लावताना त्याचा हात आपोआप त्या डागावर जायचा.

मग त्याला ठाऊक होतं तसं त्यानं केलं. वाळका पाला आणि शेणकूट आणून पाचही टकलांवर पसरलं, वर माती भुरभुरली आणि काडी लावली. धूर पार शेजारच्या गच्चीत गेला. वकिलांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई पदर नाकाला लावून धावत आल्या.

"अरे मेल्या, लॉन पेटवलंस की काय!"

"पेटवलं नाय, बाईसाहेब. राब केला. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोरात येतं. आमच्याकडं असंच करतात."

"तुमच्याकडं डोंगर असतात. इथं शेजारी असतात!"

तृप्ती खिडकीतून खो खो हसत होती. "आई, असू दे गं. मंगळूदादा होळी पेटवतोय."

वकिलांनी नर्सरीतून गवताच्या बियांचं पाकीट आणलं. मंगळूनं माती भुसभुशीत केली, बी फेकलं, तळव्यानं दाबलं, वर ओलं गोणपाट टाकलं. दोन-चार फिकट काड्या वर आल्या, बाकीचं बी मुंग्यांनी रांग लावून नेलं. उरलंसुरलं बरंचसं एका सरीनं कडेच्या गटारात गेलं. पाव्हण्यांना तेरा दिवस उरले.

त्या दिवशी त्यानं पेटी उघडली. गाठ सोडली. दाणे तांबूस, बारीक, हातातून निसटणारे. त्याला वाटलं, हिला विचारावं. मग त्यानं स्वतःशीच हिशोब जुळवला: नागलीचं आधी रोपच करतात, मग उपटून दुसरीकडं लावतात. रोप पेठला केलं काय आणि इथं केलं काय? महिन्याचं झालं की उपटायचं, जुड्या बांधायच्या, ओल्या गोणीत घालून गोजराच्या हवाली करायच्या. तोवर पाव्हणे येऊन जातील. खोली राहील आणि शब्दही राहील. त्याला हे इतकं पटलं की तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

टकलं पाच आणि बी ओंजळभर. मागं ठेवायला चिमूटही उरली नाही.

पाचव्या दिवशी नागली उगवली. भाजलेल्या मातीतून अशी दाट आली, जशी पोरं शाळेतून सुटावीत. मंगळू तिच्याकडं बघताना चोरून बघायचा, कुणी आपल्याला बघेल म्हणून.

पाव्हण्यांच्या आदल्या दिवशी पेठच्या गाडीनं गोजराबाई आली, भागीबाईची भावजय. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि थेट विचारलं, "दाजी, नणंदेचं बी द्या. खाचर नांगरून तयार हाय."

मंगळू तिला लॉनकडं घेऊन गेला. गोजराबाई खाली बसली, एक पान दोन बोटांत धरलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बया! सायबाच्या अंगणात नागली!"

"हळू बोल."

"आन् सायबाला काय वाटतं, गवत हाय?" तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसू कुठं संपलं ते कळलं नाही. "नणंदबाई हसली असती हो, दाजी."

"पंधरा-सतरा दिवसांनी ये. रोपच घेऊन जा."

"येते की. ओली गोणी घेऊन येते. तुमी जपा तेवढं."

पुण्याची माणसं आली. मुलाच्या वडिलांनी व्हरांड्यातून पाहून म्हटलं, "लॉन सुरेख राखलंय हो तुम्ही." वकील म्हणाले, "आमचा मंगळू. एकोणीस वर्षं झाली." तृप्ती पसंत पडली. संध्याकाळी मंगळूला दोन पेढे मिळाले.

दुसऱ्या सकाळी वकील हिरवळीवर आले. "हे पाच ठिकाणी उंच वाढलंय रे. कडेचं बुटकं, हे उंच. मशीन फिरव."

"साहेब, पंधरा दिवस राहू द्या."

"का?"

शब्द तोंडाशी आला होता. तीन अक्षरांचा शब्द. तो उच्चारला की लॉन हे लॉन राहत नव्हतं आणि पाचही टकलं उघडी पडत होती. मंगळू म्हणाला, "मुळं धरतील."

"धरलीत की! बघ काय जोर आहे. चार दिवसांनी सुपारी फोडायला पुन्हा येताहेत ते. एकसारखं कर."

"हो, साहेब."

त्यानं मशीन काढलं. पात्याला तेल दिलं, दोनदा दिलं. आधी कडेचं सगळं कापलं, फाटकाजवळचं कापलं, जांभळीखालचं कापलं. मग कापायला दुसरं काही उरलं नाही. मशीन पहिल्या टकलावरून गेलं तेव्हा आवाज जराही बदलला नाही. त्याला वाटलं होतं, बदलेल.

नागली चिवट. चार दिवसांत पुन्हा बोटभर वर आली. ती वर आलेली पाहून मंगळूला आधी आनंद झाला आणि मग आनंदाचीच भीती वाटली. तेव्हाही सांगता आलं असतं. ज्योत्स्नाबाई तर स्वतःच विचारत होत्या, "तुझं तोंड का रे उतरलंय?" तो म्हणाला, "काय नाय, बाईसाहेब." सुपारी फुटली. पुन्हा मशीन. पुन्हा चार दिवस, पुन्हा मशीन. तिसऱ्या वेळी पानं पिवळी पडली. नागलीच्या सावलीला निजलेलं गवताचं बी तोवर जागं झालं होतं, बाजूची हरळीही हातपाय पसरत आत आली. टकलं सांधली गेली. कुठून कुठं होती ते कुणाला दाखवूनही दिसलं नसतं.

आषाढ उतरणीला लागला तशी गोजराबाई आली. खांद्यावर ओली गोणी, गोणीतून पाठीवर पाणी ठिबकत होतं. फाटकातून आत येऊन ती हिरवळीकडं बघत राहिली. हिरवळ सपाट होती, दाट होती, पावसानं चकाकत होती.

"कुठं हाय, दाजी?"

मंगळूनं पाइप उचलून हातात धरला.

ती खाली बसली. जिथं आठवत होतं तिथं दोन्ही हातांनी गवत फाकवून बघितलं. पुढं सरकली, तिथं फाकवलं. उकिडवी बसून, इंचाइंचानं, पाचही ठिकाणी ती फिरली. मंगळू पाइप हातात धरून उभा होता. पाइपात पाणी नव्हतं. शेवटी एका जागी तिला पांढरं पडलेलं, वरून छाटलेलं नागलीचं एक ठोंब सापडलं. तिनं ते उपटलं. मूळ कुजलं होतं.

तिनं ओरडायला हवं होतं. तो त्याचीच वाट बघत होता.

"कोणी कापलं?" तिनं हळूच विचारलं.

"मी."

"सायबाला सांगितलं नाय?"

"नाय."

गोजराबाईनं गोणी पिळली. पाणी गवतात गेलं. बराच वेळ ती पिळतच राहिली. मग गोणीची घडी घालून काखेत धरली आणि उठली.

"बी गेलं, दाजी. आता कुठं मिळायचं नाय ते," ती म्हणाली. "तुमी तरी चला. नणंदबाईचा भाऊ म्हणत होता, एक खोपटं रिकामं हाय. हितं कोण हाय तुमचं?"

मंगळूनं खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग लॉनकडं पाहिलं.

"सोमवारी साखरपुडा हाय," तो म्हणाला. "त्याच्या आधी एकदा मशीन फिरवायचं हाय."

गोजराबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं, जणू या माणसाला ती पहिल्यांदाच बघत होती. मग पदर डोक्यावर ओढला आणि चारची पेठची गाडी गाठायला निघाली. जाताना ती हिरवळीवरून गेली नाही. कडेच्या फरशीवरून, अंग चोरून गेली.