वखारीतलं इंजिन

मी लाकडाच्या वखारीतलं ऑईल इंजिन बोलतोय. सिलिंडर एकच, पण दोन्ही अंगांना माणसाच्या छातीइतकी उंच चाकं. मला बटण नाही. ज्याला मला चालू करायचं असेल, त्यानं हँडल घालून मला फिरवायचं.

ओतशाळेत माझा सांगाडा बाहेर आला तेव्हा कारागीर म्हणाला होता, "हा आपल्या नातवंडांनाही पुरून उरेल." मग मी वखारीत आलो. मला फरशीत बोल्टांनी जखडलं, पट्टा चढवला आणि तीस वर्षं मी करवत फिरवली. मालक सकाळी आले की आधी माझं तेल बघायचे, मग चहा. मालकीणबाई म्हणायच्या, "माझी कधी एवढी विचारपूस केलीत का?"

मालकांना दोन मुलं. थोरला दादा आणि धाकटी छोटी. दादाचा हात नक्षीकामाचा. चौकटीवर वेल कोरला तर पानावर मुंगी चढावी असा. छोटीला मात्र माझं वेड. पण ती जवळ आली की मालक ओरडायचे, "लांब हो! हे मुलींचं काम नाही."

एकदा मालक तापानं पडले होते. गिऱ्हाईक खोळंबलं, म्हणून दादानं घाईत हँडल मारलं. माझ्या डोक्यावर एक दांडी आहे. ती उचलली की कोंडलेली हवा सुटते, चाकं हलकी फिरतात. वेग आला की ती खाली टाकायची. दादानं वेग येण्याआधीच टाकली. मी उलटा झटका दिला. त्यानं हँडल अंगठ्यासकट मुठीत आवळलं होतं, ते सुटलं नाही.

मनगटाचं हाड जुळलं, पण वाकडं. कोरायची पटाशी पुन्हा त्या हातात ठरली नाही. मालकांनी विजेची मोटर बसवली आणि माझ्यावर ताडपत्री टाकली. मला कुणी शिवीसुद्धा दिली नाही. तेच जास्त लागलं.

बावीस वर्षं गेली. मालक गेले, वखार बंद पडली. छोटी आता पन्नाशीची, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवणारी. दादा भंगारवाल्याला घेऊन आला, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"महिनाभर थांब. मी चालू करते."

"त्यानं माझा हात खाल्लाय, छोटे!"

"त्यानं नाही. तुला कुणी नीट शिकवलंच नव्हतं."

दादा भंगारवाल्याला घेऊन निघून गेला.

माझा पिस्टन गंजून चिकटला होता. छोटी त्यावर रॉकेल ओतायची आणि रोज दुकान उघडायच्या आधी लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारायची. दहा दिवस मी हललो नाही. शेजारचा वेल्डर म्हणाला, "ताई, सोडा नाद." ती म्हणाली, "तो दिवा जरा इकडे धरा." अकराव्या दिवशी मी केसभर सरकलो. मग तिनं पिस्टनच्या रिंगा बदलल्या, नोझल साफ केला, टाकीतला चिखल उपसला.

महिना संपला. दादा टेम्पो घेऊनच आला. छोटीनं हँडल मारलं. एकदा, दोनदा, सातदा. मी नुसते उसासे टाकत होतो. आठव्यांदा तिनं मूठ आवळली, तसा दादा ओरडला, "थांब! अंगठा बाहेर! चार बोटांच्याच बाजूला ठेव. झटका आला तर हँडल निसटू दे."

त्यानं पुढे येऊन वाकड्या हातानं तिचा अंगठा सरळ केला. "तू फक्त फिरव. दांडी मी टाकतो. जोरात... अजून... अजून!"

दांडी पडली. मी खोकलो. काळ्या धुराचा एक लोट, मग दुसरा ठोका, तिसरा, आणि फरशी हादरू लागली. दादा भिंतीला टेकून खालीच बसला. छोटी तेलाचा डबा घेऊन माझ्या बेअरिंगांकडे धावली. टेम्पोवाल्यानं विचारलं, "मग मी निघू का?"

आता दर रविवारी सकाळी मी तासभर चालतो. दोघंही येतात. लोक विचारतात, "हे चालवून मिळतं काय?" माझ्या आवाजात त्यांचा प्रश्न ऐकूच जात नाही.

मागणं एकच. मला रंग फासून चौकात शोभेला उभं करू नका. रिंगा झिजेपर्यंत चालू द्या. आणि कधी शेवटचा ठोका पडलाच, तर लगेच पाठ फिरवू नका. चाकं जड आहेत. थांबायला वेळ लागतो.