सगळ्यात वरची पट्टी

मित्रांनो, मला कुणी मारताना दिसलं तर त्याला अडवू नका. मार खाणं हेच माझं काम. घाटकोपरला भटवाडीत, टेकडीच्या पायथ्याशी एक पत्र्याची व्यायामशाळा आहे. तिथे साखळीने टांगलेली मी जुनी पंचिंग बॅग. अंगावर ठिगळं आहेत आणि हल्ली थोडी एका बाजूला कलतेही. पण ठिगळांचं रडगाणं गाणार नाही. मला सांगायचंय ते एका माणसाच्या डाव्या हाताबद्दल. तो हात बिघडतोय हे मला फार आधी कळलं होतं. पण माझं तोंड दोरीने आवळून बांधलेलं असतं, त्याला मी काय करणार?

माझा जन्म कुर्ल्याचा. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने जाड दुहेरी कापडातून मला शिवलं. चेंबूरच्या शिंप्यांकडून पोती भरभरून चिंध्या आल्या. व्यायामशाळा चालवणाऱ्या धाकूमास्तरांच्या बायकोने, जानकीबाईंनी, आपल्या जुन्या सुती साड्या फाडून वरून कोंबल्या.

"साड्ये कित्याक घालतस गे?" मास्तर ओरडले.

"तुमचे ठोसे खातली बिचारी. जरा मऊ वाटांदे तिका," जानकीबाई म्हणाल्या. आता त्या नाहीत. पण माझ्या पोटात त्या अजून आहेत असं मला वाटतं.

मास्तर मूळचे कोकणातले. गिरणीतलं काम गेलं, पण हातातले ठोसे राहिले. आपल्या काळात ते हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात वजनदार गटात, राज्याचे चँपियन होते. या व्यायामशाळेने पुढेही हेवीवेटवालेच घडवले. इथल्या भिंतींना बारीक माणूस आवडतच नाही, असं शेजारपाजारचे चेष्टेने म्हणत.

मास्तरांनी एक प्रथा पाडली होती. कुणी मोठी फाइट जिंकून आला, की ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळलेली त्याची पट्टी न धुता माझ्या पोटात जायची. घामासकट, रक्तासकट. व्यायामशाळेच्या वर्धापनदिनाला माझं तोंड सोडायचं, सगळ्या पट्ट्या स्टीलच्या परातीत काढायच्या आणि कुणाचा कुठला विजय सगळ्यात मोठा यावर भांडायचं. भांडून ठरलं, की त्याच क्रमाने पट्ट्या परत आत. लहान विजय तळाला, सगळ्यात मोठा माझ्या छातीशी, जिथे रोज ठोसे पडतात तिथे.

तुम्ही विचाराल, मोठा विजय ठरवायचा कसा? समोरचा किती तगडा होता, फाइट कुणाच्या गावात होती, पॉइंटवर जिंकला की पाडून जिंकला, हे सगळं बघायचेच. पण शेवटचा शब्द मास्तरांचा. "जिंकलो काय, कोणय जिंकता," ते म्हणायचे. "किती मार खावन जिंकलो, ता सांगा!" म्हणजे जो जास्त झोडपला गेला आणि तरी जिंकला, त्याचा नंबर वर.

सगळे टाळ्या वाजवायचे. मीही इतकी वर्षं मार खाल्लेली, मलाही तो नियम गोड वाटायचा. त्या नियमाला दात आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

छातीशी बरीच वर्षं मास्तरांची परळच्या मैदानातल्या फाइटची पट्टी होती. मग भीमराज आला. दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागायचा, एवढा आडवा माणूस. पण "जय भीम मास्तर" म्हणताना आवाज कोवळा. त्याचा उजवा आणि डावा माझ्यावर लागोपाठ पडायचे, एकाच झोतात दार आणि खिडकी आपटावी तसे. राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत सैन्यातल्या एका पहाडासारख्या गड्याने त्याला इतकं मारलं, की बघणाऱ्यांनी डोळे मिटले. भीमराज आपटला. रेफरी मोजायला लागला. भीमराज उठला, आणि शेवटच्या राउंडमध्ये त्याने पहाड पाडला. मिरवणूक भटवाडीच्या कमानीपासून निघाली. मास्तरांनी आपली पट्टी स्वतःच्या हाताने खाली सरकवली आणि भीमराजची वर ठेवली.

त्यानंतर पहिल्यांदा तो सरावाला आला, तेव्हा मला काहीतरी वेगळं जाणवलं. उजवा पडला. डावा आला, पण जरासा उशिरा. दार आपटलं, आणि खिडकी विचार करत राहिली.

इथे तुम्हाला आमची एक कामाची रीत सांगायला हवी. एक जण ठोसे मारतो, तेव्हा दुसरा मागून मला कवटाळून खांदा टेकवून उभा राहतो, म्हणजे मी झुलत नाही. त्याला बॅग धरणं म्हणतात. समोरचा प्रत्येक ठोसा माझ्यातून आरपार त्याच्या खांद्यात उतरतो. भीमराजसाठी बॅग नेहमी धाकूमास्तर धरायचे. म्हणजे जे मला कळलं, ते त्यांनाही कळलं. मला त्यांचा खांदा थबकलेला समजला. मी वाट पाहिली. आता बोलतील, मग बोलतील.

"झकास रे झिला," मास्तर म्हणाले. "चलांदे."

दिवस गेले. डावा आणखी रेंगाळू लागला. कधी कधी तो माझ्या शेजारच्या हवेत जाऊन पडायचा. पोरं हसायची, "भीमदा मच्छर मारतोय!" भीमराजही हसायचा. पण त्याचा श्वास माझ्या कापडाजवळ असायचा, आणि त्या श्वासात हसू नव्हतं.

अशात सिद्धेश जिंकून आला. तोही आमचाच हेवीवेटवाला, वयाने तरुण, जिभेने तिखट. बोरीवलीच्या स्पर्धेत त्याने रक्तबंबाळ नाकाने फाइट काढली होती. आल्या आल्या त्याने पट्टी मास्तरांपुढे टाकली.

"हिला वर ठेवा मास्तर. भीमदाची काय, आता अँटिक झाली."

"ए, बोल नीट," भीमराज म्हणाला. "माझ्यासमोर जो होता ना, त्याने तुला नाश्त्याला खाल्ला असता."

"असेल ना! पण आता तू समोर उभा राहा, मग बघू कोण कोणाला खातो."

सगळे ओरडले. कुणीतरी पत्रा बडवला. ठरलं, वर्धापनदिनाला दोघांची लढत. जिंकेल त्याची पट्टी वर. मास्तरांनी नाही म्हणायला तोंड उघडल्यासारखं मला वाटलं. पण ते फक्त खाकरले. त्या आवाजाने माझ्या साखळीला शहारा आला असं म्हटलं, तर तुम्ही हसाल. हसा. मी तेव्हा हसत नव्हते.

भीमराजची बायको नंदा व्यायामशाळेत कधी पाय ठेवायची नाही. त्या दिवशी संध्याकाळी ती आली ती चपला न काढताच. घराचं दार सताड उघडं टाकून भीमराज सरावाला निघून आला होता. गॅसवर पातेलं करपून काळं झालं होतं.

"तुझं लक्ष कुठे असतं रे?" ती म्हणाली. "परवा दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात. काल निधीला शीतल म्हणालास. पोटच्या पोरीला बहिणीच्या नावाने हाक मारतोस?"

"टेन्शन आहे गं फाइटचं. संपू दे, मग बघ." तो ग्लोव्ह चढवत होता. "मास्तरांचा खांदा सुजलाय. आली आहेस तर जरा बॅग धर ना."

"मी?"

"टेकून उभं राहायचं फक्त. तुझ्यासारखी मजबूत बाई अख्ख्या भटवाडीत नाही."

ती रागातही थोडी हसली. पदर खोचून तिने मला मागून धरलं. तिचा गाल माझ्या ठिगळाला लागला. उजवा ठोसा आला तेव्हा ती हादरली, पण हटली नाही. मग डावा यायला हवा होता. तिने वाट पाहिली, मीही पाहिली. तो आला तेव्हा ठोसा असा नव्हताच. अंधारात दिव्याचं बटण चाचपणाऱ्या हातासारखा होता. दुसऱ्यांदा उजवा, आणि डावा मला चुकवून तिच्या कानाजवळून गेला.

"लागलं का गं?" भीमराज घाबरून म्हणाला.

"नाही." तिने मला सोडलं नाही. "मी कुठे उभी आहे, दिसतेय ना तुला?"

"दिसतेस की." तो थांबला. "दोन दोन दिसतेस. लाइट खराब आहे इथला."

ट्यूबलाइट तर कालच नवी बसवली होती.

तो तोंड धुवायला गेला तशी नंदा बाकावर बसलेल्या मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज न चढवता बोलली, म्हणून जास्त भीती वाटली.

"मास्तर, मी आज एकदा धरली तर मला कळलं. तुम्ही तर रोज धरत होतात."

मास्तरांनी सुजलेल्या खांद्यावर हात ठेवला. "वयानं हात जड होता गो, नंदा. फाइट होवंदे. मग मी स्वतः त्याका डॉक्टराकडे नेतंय."

"फाइटनंतर नेऊन डॉक्टरांना काय दाखवणार?"

नंदाने घरी भीमराजला परोपरीने समजावलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्याने मला नेहमीपेक्षा जास्त रागाने मारलं. पण अख्ख्या वस्तीत लढतीचे फलक लागले होते. त्याला माघार घ्यायची लाज वाटत होती.

वर्धापनदिन आला. रिंगच्या दोऱ्यांना झेंडूच्या माळा, खुर्च्या दारापर्यंत. माझं तोंड सोडलं, पट्ट्या परातीत आल्या. मी रिकाम्या गळ्याने एका कोपऱ्यातून सगळं पाहत होते. लढतीआधी दोघांनी आपल्या विजयाची गोष्ट सांगायची असा रिवाज. सिद्धेशने त्याची सांगितली, नाकावर बोट ठेवून, शिट्ट्या घेत. मग भीमराज ग्लोव्ह घालून रिंगमध्ये उभा राहिला.

"परळच्या मैदानात होती फाइट," तो म्हणाला.

कुणीतरी खालून ओरडलं, "भीमदा, परळ नाय, फायनल कोल्हापूरला होती!"

"परळ," भीमराज ठामपणे म्हणाला. त्याचे डोळे लांब कुठेतरी लागले होते. "गिरणीचा भोंगा झाला आणि मी पडलो. तोंडात माती. उठवेना. समोर पहिल्या रांगेत माझी जानकी बसली होती. ती म्हणाली, उठा हो, पोरं बघतायत. म्हणून मी उठलो."

आधी हसू फुटलं. "तुझी जानकी कधीपासून रे?" सिद्धेशही हसला. मग हळूहळू ते हसू खुर्च्यांच्या खाली जाऊन बसलं. परळची फाइट मास्तरांची होती. भीमराज तेव्हा जन्मलाही नव्हता. वर्षानुवर्षं ऐकलेली ती गोष्ट त्याच्या डोक्यातल्या रिकाम्या जागेत जाऊन राहिली होती, आणि त्याची स्वतःची तिथे नव्हती.

"काय झालं?" भीमराजने सगळ्यांकडे पाहिलं. "काय चुकलं का माझं?"

धाकूमास्तर दोरी धरून कष्टाने रिंगमध्ये चढले. त्यांनी भीमराजच्या ग्लोव्हची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना.

"ही फाइट होवची नाय," ते म्हणाले. "माका ठावक होता. बॅग मी धरत होतंय. ह्याचो डावो हात जाता, ता माझ्या खांद्याक पयल्या दिवशीच कळला. मी गप रवलंय. माझ्या पोराचो नंबर वर होतो ना!"

"मास्तर, मी ठीक आहे," भीमराज म्हणाला. "द्या ग्लोव्ह. लोक बघतायत."

सिद्धेशने आपले ग्लोव्ह काढून खाली ठेवले. त्याची तिखट जीभ कुठे गेली होती कोण जाणे. "मी नाय लढत यार भीमदा. तुझीच पट्टी वर राहू दे."

"नाही," नंदा खालून म्हणाली. सगळे वळले. ती परातीजवळ आली. "ती वर ठेवायची नाही. ती मला द्या."

"वहिनी, विजयाची पट्टी घरी नेत नाहीत," कुणीतरी पुटपुटलं.

"मी नेणार आहे. साबण लावून धुणार आहे."

तिने ती कडक, काळपट पट्टी उचलली, भीमराजचा हात धरला, आणि खुर्च्यांमधून वाट काढत त्याला घेऊन गेली. कुणी अडवलं नाही. त्या रात्री माझ्या छातीशी साध्या चिंध्या भरल्या गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला बसलेले धक्के आत साठत जातात. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपा. म्हणून माझ्या गोष्टीचा शेवट गोड आहे असं मी म्हणणार नाही. भीमराज कधी कधी घराच्या गल्लीत शिरूनही घर विचारतो. नंदा त्याच्या शर्टाच्या खिशात पत्ता ठेवते आणि वर विनोद करते, "पार्सल आहे माझं, हरवू नका."

पण संध्याकाळी ती त्याला इथे आणते. मला खांद्याने धरायची त्याला सक्त मनाई आहे. तो नुसता तळहात माझ्या पाठीवर ठेवून उभा राहतो. मागच्या आठवड्यात सिद्धेश ठोसे मारत होता. पोरं मोठ्याने ओरडत होती, "अजून! अजून!" भीमराजला त्या दिवशी सिद्धेशचं नाव आठवत नव्हतं. तरी त्याचा तळहात एकदम ताठ झाला.

"थांब रे पोरा," तो म्हणाला. "उजवा उशिरा येतोय."

सिद्धेश म्हणाला, "नाय रे भीमदा, दमलोय फक्त."

"मी पण तेच म्हणायचो."

सिद्धेशने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पायात चपला घातल्या आणि दवाखान्याकडे बोट दाखवलं. तिघे निघाले, नंदाही मागोमाग. मी हलत राहिले, मग थांबले. ते अजून रिपोर्टची वाट पाहतायत, आणि मीही.

मित्रांनो, माझी कापडं झिजली तर ठिगळ लावता येतं. माणसाला तसं लावता येत नाही. तुमच्या जवळच्या कुणाचा हात अडखळला, शब्द चुकला, नजर भरकटली, आणि ते तुम्हाला आधी कळलं, तर त्याची वाहवा थांबेपर्यंत वाट पाहू नका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.