सतरावी कबर

सतरा कबरी, तीन वीरगळ आणि एका बारवेचा काठ. गाव तलावात बुडाले, टेकडीचे बेट झाले आणि त्यावर एवढेच उरले. मित्रांनो, ते मोजणारे जुने जीपीएस यंत्र मी आहे. उपग्रहांचे संदेश ऐकून मी माझी जागा सांगते.

अंबडच्या बारवा मोजल्या तेव्हा मला शाबासकी मिळाली होती. पुढे नवी यंत्रे आली आणि मी चार वर्षे कपाटात पडून राहिले. जुन्या वास्तूंच्या नोंदी करणाऱ्या मीनाताईंनी मला बाहेर काढले, सेलचा गंज पुसला आणि भोकरदनकडच्या या बेटावर आणले.

सोळा कबरींवर दगड होते. सतरावी, त्या बुडालेल्या गावच्या म्हाताऱ्या अकबरबींच्या आईची. तिचा दगड पाण्याने नेला होता. जागा फक्त अकबरबींना ठाऊक होती. पण बायकांनी आत जायचे नाही या रीतीमुळे त्या कबरस्तानात पाऊल ठेवत नसत. काठच्या काळ्या खडकावर उभ्या राहून त्या बोटाने दाखवत होत्या.

"अजून मागं सरक, पोरी. हां, बराबर. अम्मीवर पाय न्हाई ना पडला?"

"न्हाई चाची, बाजूला हाय मी."

मीनाताईंनी मला जमिनीवर ठेवले. मला स्थिरावायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात होडीवाले पुंजाराम म्हणाले, "ताई, अंडी उबवायला ठिवलं का ते? जल्दी करा, वारं सुटून राह्यलं."

अकबरबीही हसल्या. ताईंनी मला उचलले. पडद्यावर तेव्हा 'संभाव्य फरक बारा मीटर' असे होते, म्हणजे खरी जागा तेवढी दूर असू शकत होती. त्यांनी जागेचे आकडे उतरवले. फरकाचा राहून गेला.

उन्हाळ्यात पाणी ओसरले, बेटाला वाट झाली, गाळ उपसणारे आले. माझ्या नोंदींवरून प्रत्येक कबरीभोवती पाच मीटर सोडून फक्कीची रेघ मारली होती. त्यांनी ती एकदाही ओलांडली नाही.

अकबरबी पुन्हा त्याच खडकावर उभ्या राहिल्या. बोट उचलले. बोटासमोर, रेघेबाहेर, खड्डा होता.

"मीना, मी बराबर दाखवलं होतं ना?"

"व्हय चाची. तुम्ही बराबरच दाखवलं होतं."

मित्रांनो, मला वेळ लागतो; तेवढा द्या. आणि मी किती चुकू शकते, तेही लिहून ठेवा.

ताईंनी मला खड्ड्याच्या मध्यावर ठेवले. दहा मिनिटे त्या हलल्या नाहीत. मग वहीत लिहिले: जुन्या नोंदीपासून अंतर अकरा मीटर. संभाव्य फरक तीन मीटर.