ज्याचा वाढदिवस, त्याचं मत

“कर्ता मी आहे घरातला. काय विचारायचं ते मला विचारा!” फोनवरचा म्हातारा खेकसला.

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही कर्ते आहातच. पण घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात शेवटी झाला, त्यालाच विचारायचं, असा नियम आहे.”

“हा कुठला आलाय नियम?”

सकाळी मलाही तसंच वाटलं होतं. आयुष्यभर कंडक्टर म्हणून ‘पुढे सरका’ ओरडलो, निवृत्त झालो, आणि आता सर्वेक्षणाच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांना विचारतोय, शहर कसं वाटतं तुम्हाला? आमची सुपरवायझर माझ्या पोरीच्या वयाची. तिनं समजावलं, “काका, फोन उचलणाराच दरवेळी बोलला तर बाकीच्या घराचं मत कळणार कसं?” आणि जाता जाता म्हणाली, “आज एक तरी मुलाखत पूर्ण करा हं. नाहीतर उद्या तुम्हाला बोलावता नाही यायचं मला.”

दिवसभर लोकांनी फोन आपटले. एकानं विमा एजंट समजून माझा पार उद्धार केला. आता लाइन बंद व्हायला आली, आणि हा म्हातारा तयारच बसलेला. घ्यावं त्याचंच उरकून, असं आलं मनात. पण बसमध्ये कधी एकाचं तिकीट दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. जीभच वळेना.

“शेवटचा वाढदिवस कुणाचा झाला, साहेब?”

“माझाच असणार.”

मागून बाईमाणसाचा आवाज आला, “माझा झाला. परवा. तुम्ही विसरलात तो!”

मग खुडबुड झाली आणि आजी आल्या. “बोला. पण सावकाश वाचा. मी काही पळून जात नाही.”

बससेवेबद्दल विचारलं, चारही उत्तरं वाचली.

“समाधानी म्हण आणि सोड,” म्हातारा मागून.

“गप्प बसा हो, फोन मला आलाय.” मग मला म्हणाल्या, “तुम्ही परत वाचा.” परत वाचलं. “थांब्यावरचा बाक काढून नेला मेल्यांनी. पिशव्या घेऊन उभं राहायचं का आम्ही? ते शेवटचं काय होतं?”

“अतिशय असमाधानी.”

“हां! अतिशय! तेच लिहा.”

मग काय, आजी सुटल्याच. बागेला अतिशय समाधानी. पाण्याला नुसतंच असमाधानी, “कारण सकाळचं बरं येतं, उगाच खोटं कशाला बोलू?” भाजी निवडावी तसं एकेक उत्तर उलटून पालटून घेत होत्या.

शेवटी म्हाताऱ्याला राहवेना. “अगं, मलाही विचारायला सांग ना काहीतरी.”

“तुमचा वाढदिवस येऊ द्या.”

मी हेडफोनमध्येच खो खो हसलो. सुपरवायझर धावत आली, पडद्यावर ‘पूर्ण’ उमटलेलं बघितलं आणि पाठीवर थाप मारली. “उद्या वेळेवर या, काका.”

घरी आलो तर बायको गॅसपाशी उभी. मी विचारलं, “आपल्यात शेवटचा वाढदिवस तुझाच ना?”

“गेल्या महिन्यात झाला. आत्ता आठवला?”

“मग बोलायचा मान तुझा.” मी आवाज ऑफिसातला केला. “बाई, या शहराबद्दल तुमचं मत काय आहे?”

थट्टा करतोय का, म्हणून तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग गॅस बंद केला, हात पुसले, खुर्ची ओढून समोर बसली आणि घसा खाकरला.