पीळ काढलेले चाळीस पट्टे

राजदीप सरांनी टोकं जोडून गोल केलेल्या कापडी पट्ट्याच्या मधोमध लांबीनं कैची फिरवली, आणि पट्ट्याचे दोन पट्टे झाले. एक सरांच्या हातात राहिला, दुसरा प्राचार्यांच्या बुटावर पडला.

भूमिती आणि टोपॉलॉजीची राष्ट्रीय परिषद, आर्णीच्या कॉलेजात. पीळ देऊन जोडलेला हा पट्टा मधून कापला तरी एकच राहतो, असं सर पाहुण्यांना छातीठोकपणे सांगत होते. त्यांना मिळालेली मिनिटं पंधरा, कारण आधीचे दोन तास सत्कारांनी खाल्ले होते. सरांनी दुसरा पट्टा कापला. त्याचेही दोन. तिसऱ्याचेही दोनच. कोलकात्याच्या पाहुण्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

तिसऱ्या रांगेत विजयमालाबाई होत्या. आल्या होत्या पट्टे पोचवायला. पण फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसतील म्हणून शिपायानं त्यांनाही बसवून टाकलं. चाळीसही पट्टे त्यांच्याच शिलाई मशीनवरचे. सरांनी दिलेल्या नमुन्यात जोडाजवळ कापडाला पीळ होता. बाप्या माणसाची शिलाई, दुसरं काय होणार, असं म्हणून बाईंनी प्रत्येक पट्ट्यातला पीळ काढून मगच टोकं जोडली होती.

तीस वर्षांत बाईंचा एक ब्लाऊज दुरुस्तीला परत आला नव्हता. परत आलेलं काम टांगायला म्हणून दुकानात पहिल्या दिवशी ठोकलेली खुंटी अजून कोरी होती. सासवा नव्या सुनांना ती खुंटी दाखवायला आणायच्या.

सरांचं गणित उन्हानं वितळलं वाटते, असं प्राचार्य माईकमध्ये म्हणाले. पोरं खिदळली. सरांची नजर एकदा बाईंकडे आली आणि तशीच खाली गेली. नाव काही त्यांनी घेतलं नाही.

गप्प बसलं असतं तर खुंटी कोरी राहिली असती. बाई उठल्या.

"सरायची चूक नाही. पट्टे म्या शिवले. मले वाटलं सरायनं वाकडं जोडलं, म्हून म्या सरळ करून टाकलं."

तोवर त्या मंचावर पोचल्याही होत्या. एका पट्ट्याची शिवण दातानं उसवली, टोकाला पीळ दिला, पदराला खोचलेल्या सुईनं उभ्याउभ्याच टाके घातले. मग सवयीनं कापडावरून अंगठा फिरवत गेल्या आणि थबकल्या.

"काहो सर, याले तर उलटी बाजूच नाही. अस्तर लावाचं कुठं?"

सरांनी ते कोलकात्याच्या पाहुण्यांना हिंदीत सांगितलं. पाहुण्या बाई खुर्चीवरून उठल्या. हेच समजवायला मला पोरांवर एक अख्खं सत्र घालवावं लागतं, म्हणाल्या.

सरांनी कैची चालवली. एकच लांबलचक पट्टा निघाला.

टाळ्या थांबेनात. प्राचार्यांना बाईंचा सत्कार करायची घाई झाली, पण शाली सकाळीच संपल्या होत्या. त्यांनी तोच पट्टा बाईंच्या गळ्यात घातला. बाईंनी तो घालू दिला, उरलेले छत्तीस पट्टे काखेत मारले आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी एक सासू नवी सून घेऊन दुकानात आली. खुंटीवर पट्ट्यांचा हा मोठा झुपका.

"काकू, हे काय वं?" सुनेनं विचारलं.

"परत आलेलं काम," बाई म्हणाल्या आणि मशीनवर पाय मारत राहिल्या.